सटवाईचा कोरा कागद

आमच्या घरी बाळाची पाचवी असली म्हणजे सारी सूत्रे आईच्या हाती असतात. पाटावर तांदळाची रास, तिच्यावर सुपारी, शेजारी हळदकुंकू, आणि उशाशी एक कोरा कागद व लेखणी. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या नशिबी काय आहे ते लिहून जाते, ही समजूत वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी असेल. लहानपणी आम्ही भावंडे सकाळी उठून तो कागद उलटसुलट करून पाहात असू. कागद कोराच असे. “तिचं लिहिलेलं आपल्याला दिसत नाही,” एवढेच आई म्हणे.

त्या रात्री आई पापणी मिटत नसे. दिव्यातले तेल संपू देत नसे. घरात दुसऱ्या दहा बायका असल्या तरी जागायचे तिनेच. ही तिची भाविकता असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. मी कॉलेजात शिकवू लागल्यावर एकदा मावशीच्या तोंडून कळले की माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. खेड्यात, घरीच. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला. का गेला, हे कोणी सांगू शकले नाही. “सटवाईनं कागद कोरा ठेवला,” असे माझ्या आजीने म्हटले आणि तो विषय तिथेच मिटला. आईने तो कधी काढला नाही. ती फक्त जागत राहिली.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते झरी जामणीचे. यवतमाळ जिल्ह्याचा हा आग्नेय कोपरा. वणी आणि पांढरकवडा ही त्यातल्या त्यात जवळची मोठी गावे. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. काळ्या जमिनीत कापूस, मधूनमधून सागाचे रान, आणि त्या रानाच्या कडेला कोलामांची ‘पोडे’. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन मी त्या तालुक्यात गेलो होतो. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री करमणूक, असा आमचा ठरीव कार्यक्रम. एका दुपारी व्याख्यानाला गावची आशाबाई आली. व्याख्यान माझे होते आणि विषय होता आरोग्य! पंधरा मिनिटे ऐकून ती उठली. “सर, मले जा लागते. पोडात सातव्या दिवसाचं लेकरू हाये,” म्हणाली. माझे व्याख्यान आटोपते घेऊन मीही तिच्यामागे निघालो. दोन विद्यार्थिनी बरोबर होत्या.

झोपडी नीटनेटकी, सारवलेली. आत बाजेवर कोवळी बाळंतीण, शेजारी सासू. मी बाहेरच ओट्यावर बसलो. दार उघडे असल्याने आतले सारे ऐकू येत होते. आशाबाईने आधी साबणाने हात धुतले आणि ते वाऱ्यावर वाळू दिले. पिशवीतून झोळीचा तराजू काढला, थर्मामीटर काढले, घड्याळ काढले. मग बाळाच्या अंगावरचे फडके बाजूला सारून ती पोटाकडे टक लावून बसली. मिनिटभर ती हूं की चूं करीना. विद्यार्थिनी कुजबुजल्या तर तिने हाताने गप्प केले. ती श्वास मोजत होती.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. रडते कसे? काल रडत होते तसेच रडते का? दूध ओढते का? हातपाय हलवते की लुळे टाकते? अंग गार लागते का? बाळंतीण कोलामीत पुटपुटे, सासू मराठी करून सांगे, आणि आशाबाई कागदावर खुणा करी. सारे ठीक होते. बाहेर आल्यावर मी विचारले, “बाई, हे सगळं तुम्ही त्या मुलीला का विचारता? तपासायचं तर तुम्ही तपासलंच की.”

ती हसली. “सर, म्या तं आज पायलं. माय रोज पायते. लेकरू कालच्यापेक्षा आज कमी रडून रायलं, हे मायशिवाय कोनाले समजन?”

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“ट्रेनिंगमदी सांगतलं. गडचिरोलीकडे निंघालं म्हनते हे.”

तिचे म्हणणे खरे होते. झरीहून पूर्वेला निघालो, वर्धा नदी ओलांडली, चंद्रपूर जिल्हा पार केला की गडचिरोली लागते. तिथे १९८६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने ‘सर्च’ ही संस्था काढली. दोघेही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेले. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाण्याऐवजी ती दोघे या जंगलात आली. दवाखाना अनेकांनी काढला असता. यांनी खेड्यात बसून शोध घ्यायला प्रारंभ केला, हे त्यांचे वेगळेपण.

पहिला मोठा शोध बायकांच्या दुखण्यांचा. राणीताईंनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक तरी दुखणे होते, आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात अवघ्या आठ. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यक साप्ताहिकात हे छापून आले तेव्हा जगातले तज्ज्ञ चकित झाले. आपल्या घरांतल्या बायका मात्र चकित झाल्या नसत्या. त्यांना ते ठाऊकच होते. त्यांना कुणी विचारले नव्हते इतकेच.

दुसरा शोध न्यूमोनियाचा. लहान मुले ज्या रोगांनी दगावतात त्यांत याचा मान पहिल्या रांगेतला. एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी तो ओळखायचा कसा? श्वासाच्या वेगावरून. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, त्याहून मोठे मूल पन्नास किंवा अधिक घेऊ लागले, म्हणजे धोका. पण गावच्या सुइणी निरक्षर. साठापर्यंत मोजायचे कसे आणि मिनिट कळायचे कसे? तेव्हा एक साधे यंत्र तयार केले. यंत्र कसले, खेळणेच! एका चौकटीत मिनिटभराची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंतचे आकडे तर बाजारहाट करणाऱ्या प्रत्येक बाईला येतात. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकवण्याची पाळी आली की समजावे, न्यूमोनिया आहे. लहानग्यासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. जी सुईण अडाणी म्हणून हिणवली गेली होती तिच्या हाती शास्त्र आले.

तरीही मुले दगावतच होती, आणि त्यांतली पुष्कळशी जन्मल्यापासून महिन्याच्या आत. म्हणून १९९३ पासून तिसरा प्रयोग सुरू झाला. ३९ गावे एका बाजूला, ४७ गावे तुलनेसाठी दुसऱ्या बाजूला. आधी दोन वर्षे नुसती नोंद. १९९५–९६ या साली ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. आणि ज्यांना डॉक्टरी मदत लाभली अशी बाळे शंभरात तीनसुद्धा नव्हती. प्रथम मी हा आकडा चुकीचा छापला आहे असे समजलो. मग लक्षात आले की बाळंतिणीला आणि बाळाला घराबाहेर काढायचे नाही हा आपल्याकडचा दंडकच. बाळ बाहेर येणार नसेल, तर वैद्यकाने आत गेले पाहिजे.

तेच केले. त्याच गावांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटले. बाळंतपणाच्या वेळी सुईण आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. पुढे महिनाभर ठरावीक दिवशी घरी जायचे, वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचे. न रडलेल्या बाळाला मुखवटा लावून श्वास द्यायचा. रक्तात जंतुदोष झाल्याची लक्षणे दिसली तर औषध आणि इंजेक्शन, तेही तिनेच. डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावणे साहजिकच होते. खेड्यातल्या बाईच्या हातात नवजात बाळासाठी सुई!

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला. सुरुवातीला त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांत पूर्वी शंभरातली सोळा-सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर तीनसुद्धा नाहीत. हे घडले ते तिथल्या तिथल्या झोपड्यांत, त्याच अंधारात, त्याच दारिद्र्यात. बदलले इतकेच की ठरलेल्या दिवशी एक बाई येऊन मोजू लागली आणि मोजल्यावर काय करायचे ते तिला ठाऊक होते.

आणि ती आशाबाईची प्रश्नावली? तिचे मूळही इथेच. बाळाच्या जंतुदोषाची अशी मोजकी लक्षणे शोधून काढली की जी पाहायला प्रयोगशाळा लागू नये. आधी नीट रडणारे बाळ क्षीण रडू लागले, आधी ओढणारे दूध ओढीना, हातपाय लुळे पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, बेंबीत पू झाला... आणि आणखी एक, ‘आई म्हणते की बाळ गार लागते’. वाचकहो, हे शेवटचे लक्षण माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला फार मोलाचे वाटते. आईचे वाक्य त्यात जसेच्या तसे दाखल झाले आहे. हजारो वर्षे ‘उगीच घाबरते’ म्हणून जे उडवून लावले, ते शास्त्राने रोगाची खूण म्हणून मानले.

शुश्रूषेचा इतिहास चाळला तर असे यापूर्वीही घडले आहे. १८४६ साली व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात शंभरातल्या अकरा बाळंतिणी सूतिकाज्वराने मरत, सुइणींच्या कक्षात तीनसुद्धा नाहीत. गावातल्या बायकांना हे पक्के ठाऊक होते; पहिल्या कक्षात नको म्हणून त्या गयावया करीत. शहाण्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. सेमेलवाइस नावाच्या एका तरुण डॉक्टरने दोन्ही कक्षांचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा दोष सापडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. १८४७ च्या मेमध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि पुढल्या वर्षी दोन्ही कक्षांतले मृत्यू शंभरात जेमतेम एकावर आले. झरीच्या आशाबाईने हात धुऊन वाऱ्यावर वाळवले, त्यामागे एवढी कहाणी आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सर्वांना माहीत आहे. त्यांची वही फारशी कुणाला माहीत नाही. सुइणींच्या शिक्षणासाठी लंडनच्या एका इस्पितळात त्यांनी प्रसूतिकक्ष उघडला होता. तिथे सूतिकाज्वर शिरला तेव्हा त्यांनी तो स्वतःच बंद करायला लावला आणि घरच्या व इस्पितळातल्या बाळंतपणांचे मृत्यू आकडेवार मांडून १८७१ साली पुस्तक छापले. आपल्याच कामाचा हिशेब असा चव्हाट्यावर मांडायला छाती लागते. रुग्णसेवा दयेने सुरू होत असेल. सुधारते ती हिशेबाने.

हा हिशेब आपल्या घरच्या चालीरीतींनाही लावून पाहावा. बाळंतीण-बाळाला ऊब द्यायची, सव्वा महिना गर्दीपासून दूर ठेवायचे, हे आपल्या आज्यांनी अगदी बरोबर सांगितले. पण बंद खोलीतला शेगडीचा धूर बाळाच्या छातीला वाईट. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरले तर बिनधुराची ऊब मिळते. जन्मल्याबरोबर अंघोळ घालू नये, निदान एक दिवस थांबावे, असे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिला चीक काढून टाकण्याची चाल तर बाळाच्या तोंडचे पहिले औषध ओतून देण्यासारखी. आणि विळ्याने कापलेली नाळ! तिच्यातून शिरलेला धनुर्वात बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळाला गाठी. सटवाईच्या रात्रीच्या आसपासच घरे रिकामी होत, ती उगाच नव्हे. गरोदर बायकांना लस आणि नाळेला निर्जंतुक पाते एवढ्या दोन गोष्टींनी तो हटला. २०१५ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

शहरातल्या वाचकांना वाटेल की हे सारे पोडातले, आपल्याला काय त्याचे? आपण तर चांगले प्रसूतिगृह पाहून नाव नोंदवतो. मलाही तसेच वाटे. नाव नोंदवताना आपण काय विचारतो? खोली कशी आहे, डॉक्टर कोण, बिल किती. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे मी तरी कधी विचारले नव्हते. अमेरिकेतील लिंडा एकेन या परिचारिका-संशोधिकेने २००२ साली शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की महिन्याच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, असे तीत आढळले. युरोपातील नऊ देशांच्या पाहणीतूनही २०१४ साली हाच हिशेब निघाला. नाडी, श्वास, ताप पाहणारे डोळे कमी पडले की वरचे सारे ज्ञान लंगडे पडते.

तसेच बाळंतपणाच्या कळा सोसताना जवळ धीर देणारी बाई असण्याचे. घरच्या बाळंतपणात ही गोष्ट न मागता मिळे. इस्पितळाचे दार बंद झाले आणि ती बाहेर राहिली. निरनिराळ्या देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणांचे प्रयोग एकत्र करून पाहता, सतत सोबत लाभलेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला आणि पोट फाडण्याची वेळही कमी जणींवर आली. सरकारी प्रसूतिकक्षांसाठी २०१७ साली जो ‘लक्ष्य’ कार्यक्रम आखला गेला त्यात ही सोबतीण मान्य झाली. तेव्हा पुढल्या खेपेला प्रसूतिगृहात नाव घालताना आणखी दोन प्रश्न विचारा : रात्री किती परिचारिका असतात? आणि मुलीजवळ आईला बसू द्याल का?

आता परत झरीकडे. २०११ पासून गडचिरोलीची पद्धत देशभरच्या आशांकडे सोपवली गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. आशाबाईने इंजेक्शन द्यायचे नसते. ओळखायचे आणि पुढे धाडायचे. आरंभी या साऱ्या फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरले होते. महाराष्ट्रात २०२० साली हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचा आकडा ११ होता, सबंध देशाचा २०. याला कारणे अनेक असतील. पण घरोघर चालत गेलेल्या या बायकांचा वाटा त्यात नाही असे कोण म्हणेल?

मात्र एक शंका मला सतावत होती. गडचिरोलीत दर पंधरवड्याला कुणीतरी येऊन आरोग्यदूताचे काम तपासत असे, चुकले तर शिकवीत असे. इथे पावसात वाट बुडते, पोड दूर, वर कुणी पाहणारे नाही. परत येताना मी जरा चाचरतच म्हटले, “बाई, न जाताच कागद भरला तर कळणार कुणाला?”

ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, “कोनालेच नाई समजनार सर. कागद भरनं सोपं हाये, घरी बसून बी भरता येते. पन मंग लेकराचं काय?”

माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. साऱ्या संशोधनाचा भार शेवटी या एका प्रश्नावर येऊन टेकतो. मणी, घटिका, तराजू, आकडे, हे सारे खरे. पण भर पावसात ओढा ओलांडून सातव्या दिवशी त्या दारात उभे राहायचे की नाही, हे त्या बाईने एकटीने ठरवायचे असते. तिने ते ठरवावे असे आपल्याला वाटत असेल, तर तिचे मानधन वेळेवर पोचले पाहिजे, तिच्या मागे कुणी शिकवणारे उभे राहिले पाहिजे, आणि तिने धाडलेल्या बाळाला पुढे कुणी हात लावला पाहिजे. तिच्या निष्ठेवर विसंबून आपण स्वस्थ बसणे बरे नव्हे.

शिबिराहून आल्यावर एका संध्याकाळी मी आईला हे सारे सांगितले. मण्यांचे सांगितले, श्वासांचे सांगितले. ती निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्याचं पोट भराभर हालत होतं रे. मी सासूबाईंना म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं.” चाळीस वर्षांहून अधिक काळात ती त्याच्याविषयी बोललेली मी प्रथमच ऐकली. आजीचाही दोष नव्हता. तिलाही कुणी मोजायला शिकवले नव्हते.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला मुलगी झाली. पाचवीला आईने नेहमीसारखा पाट मांडला, कागद-लेखणी ठेवली आणि दिव्यापाशी जागत बसली. मध्यरात्री मी पाणी प्यायला उठलो. आई बाळावरची दुपटी सारून, भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटले स्तोत्र असावे. मिनिटभराने तिने मान वर केली.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. “ठीक आहेत ना रे?”

“ठीक आहेत, आई.”

तिने दुपटे नीट गुंडाळले, दिव्यात तेल घातले, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच पाचवीच्या रात्री भिंतीला टेकून घटकाभर डोळा लावला.